गेला तर पाण्याचा

कानात चोवीस तास आवाज होत असलेल्या माणसाला मी दहा दिवसांच्या मौन शिबिराला पाठवलं. नुसतं पाठवलं नाही. त्यांचा फॉर्म मी भरला, रजा मी मंजूर करून आणली आणि निघताना पिशवीत चार मोसंबी मी घातली. वर म्हणालो, "आता दहा दिवस एकदम शांतता, काका. मजा करा." देवनारच्या कत्तलखान्याच्या फाटकातून आत जाताना बोकड मालकाकडे वळून बघत असेल, तसं काकांनी माझ्याकडे बघितलं आणि ते बसमध्ये चढले.

माझ्या बाजूने एवढंच सांगता येईल, की मला माहीत नव्हतं. पण जे माहीत नाही त्यात हात घालायची मला सवयच आहे. त्यातल्या त्यात दुसऱ्याचं भलं करायचं असेल तर मला राहवत नाही.

काका आणि मी एकाच ठेकेदाराकडे, आमच्या शेठकडे, कामाला होतो. जमिनीखालच्या पाण्याच्या नळाची गळती शोधायची आणि बुजवायची, हे आमचं काम. घाटकोपर, मुलुंड, गोवंडी, मानखुर्द, जिथे म्हणतील तिथे. मी साइट इंजिनीअर, म्हणजे हातात डायरी घेऊन सावलीत उभा राहणारा. काका दांडीवाले. दांडी म्हणजे साधी लोखंडी सळई, छातीएवढ्या उंचीची, वरच्या टोकाला बशीसारखी पितळी चकती. सकाळी पाणी सुटलं, की सळईचं टोक रस्त्यावर किंवा खड्ड्यातल्या नळावर टेकवायचं आणि चकतीला कान लावायचा. नळ फुटलेला असला की पाणी निसटताना बारीक 'सूं' असा आवाज करतं आणि तो लोखंडातून वर चढतो. म्हणे. मला त्या दांडीतून आयुष्यात फक्त माझ्या पोटातली मिसळ ऐकू आली.

काका कान लावायचे, डोळे मिटायचे, आणि मग एकदम दांडी उचलून हवेत धरायचे. कान चकतीलाच. पुन्हा टेकवायचे, पुन्हा उचलायचे. येणारे-जाणारे बघत राहायचे. भर रस्त्यात हा माणूस हवेचं काय ऐकतोय? मी एकदा विचारलं.

"गेला तर पाण्याचा," काका म्हणाले, "राहिला तर आपला."

विहारात जाऊन बसणारा, कमी बोलणारा माणूस. मला वाटलं, काहीतरी खोल आहे. मी ते डायरीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्या काळात मी अशी वाक्यं जमवत होतो. माझं लग्न ठरत नव्हतं.

खडूने काका रस्त्यावर फुली मारायचे आणि तिथे खणलं की पाणी लागायचं. दहातल्या आठ-नऊ वेळा. त्या फुलीवर त्यांची सगळी इज्जत उभी होती. जालन्याकडून पोरगेलेपणी मुंबईत आलेला माणूस, वीसेक वर्षं रस्ते फोडायचा ब्रेकर चालवला, आणि मग एके दिवशी कुणीतरी दांडी हातात दिली. गल्लीगल्लीत पाणी सोडणारे चावीवाले, प्लंबर, वॉर्डाचे साहेब, सगळे 'काका, जरा बघा ना' म्हणायला लागले. ब्रेकरवाल्याला कुणी 'बघा ना' म्हणत नाही.

बाकी माणूस तऱ्हेवाईक होता. डबा खायला आम्ही सगळे सावली शोधायचो. काका पिठाची गिरणी शोधायचे. पायरीवर बसून, डोक्यावर पीठ पडत असताना, त्या घरघराटात भाकरी खायचे आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा, की जणू समुद्रकिनारी बसलेत. चहाची टपरी चहावरून ठरवायची नाही, स्टोव्हवरून ठरवायची. "ह्याचा बर्नर चांगला आहे," असं ते म्हणायचे आणि आम्ही नुसत्या गरम पाण्यासारखा चहा निमूट प्यायचो. साइट ऑफिसातला पंखा खडखडायचा. मी तेल घालायला स्टुलावर चढलो तर खालून म्हणाले, "बोलू दे ना त्याला. तुझं काय जातंय?"

मानखुर्दला पुनर्वसनाच्या इमारतीत खोल्या मिळत होत्या तेव्हा सगळे मागच्या बाजूची शांत खोली मागत होते. काकांनी एकट्याने हायवेकडची मागितली. अर्ज घेणाऱ्या माणसाने म्हणे दोनदा विचारलं, "वाचता येतं ना, काका?"

आमच्याकडचा एक जुना फिटर वारला तेव्हा गोडाऊनच्या अंगणात दोन मिनिटं शांतता पाळली. अर्ध्या मिनिटात काकांच्या खिशात किल्ल्या वाजायला लागल्या. छुन्, छुन्, छुन्. लोकांनी माना वळवल्या. फिटरचा मुलगा समोर उभा. मी नंतर सगळ्यांना समजावत फिरलो, की काका फार भावनाशील आहेत. प्रत्यक्षात मलाही राग आला होता.

मग एका उन्हाळ्यात काका चिडके झाले. डोळे लाल, झोप नाही, मी काही विचारलं की "काय? काय?" करायचे. मी निदान केलं: टेन्शन. कुणाचंही काहीही बिघडलं की मी टेन्शनच सांगतो. त्यांच्या घरी गेलो. काकू प्रसूतिगृहात आया होत्या. सगळ्या जगाशी त्या नुकत्याच जन्मलेल्या बाळाशी बोलावं तशा बोलायच्या, म्हणजे जोरात आणि उत्तराची अपेक्षा न ठेवता. त्या स्वतः दोनदा विपश्यनेला जाऊन आलेल्या.

"माझा राग निम्मा झाला तिथे," त्या म्हणाल्या.

उरलेला निम्मा मी बघतच होतो. आधी किती असेल या विचाराने मला धडकी भरली.

"पण हे दोन मिनिटं शांत बसत नाहीत," काकू म्हणाल्या. "घरात रेडिओ लावतात, तो पण कुठलंच स्टेशन नाही. नुसती खरखर. मी म्हणते, गाणी तरी लाव रे बाबा!"

"म्हणूनच तर पाठवायचं ना, काकू!" मी म्हणालो.

इतकं सगळं माझ्यासमोर मांडून ठेवलं होतं. गिरणी, बर्नर, पंखा, हायवे, किल्ल्या, खरखर. आंधळ्यानेही चाचपून ओळखलं असतं. मी फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता, काही शारीरिक त्रास आहे का? तिथे मी माझ्या हाताने 'नाही' लिहिलं.

अकराव्या दिवशी काका कामावर आले. डोळे खोल गेलेले. मी लांबूनच ओरडलो, "काय काका, कसं वाटलं?"

"भरपूर ऐकलं," काका म्हणाले.

दुपारी त्यांनी मला गिरणीच्या पायरीवर बसवलं. गिरणी चालू होती, त्यामुळे त्यांना जवळजवळ ओरडून सांगावं लागलं. जी गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, ती मी पिठाने पांढरा होत ऐकली.

"कुकर चढवलाय समज. शिट्टी व्हायच्या आधी कसा सुस्कारतो? तसं. दोन्ही कानांत. आणि शिट्टी होतच नाही. मी बघतोय वाट."

"कधीपासून?"

"ब्रेकर सोडला त्याच्या आधीपासून. आधी काम संपल्यावर व्हायचं, सकाळी जायचं. मग एकदा सकाळी गेलंच नाही."

"मग शिबिरात..."

"ते म्हणाले, श्वासावर लक्ष ठेवा. श्वास कुठं सापडतोय? ते लोक चांगले होते रे, चूक त्यांची नाही. मी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं म्हणजे निदान तो तरी आवाज होईल." मग एकदम हसले. "सहाव्या दिवशी लाइट गेली. जनरेटर लावला. सगळे वैतागले. मी बसल्या जागी झोपलो. दीड तास! लाइट आली तेव्हा मला रडूच आलं."

मी विचारलं, सांगितलं का नाही कुणाला? काकांनी माझ्याकडे, हा खरंच इंजिनीअर आहे का, अशा नजरेने बघितलं.

"दांडीवाल्याच्या कानात आवाज आहे म्हटल्यावर दांडी कोण देईल? परत ब्रेकर हातात देतील. शेठला बोलायचं नाही. शपथ घे."

तेव्हा मला ती हवेत धरलेली दांडी कळली. दांडी उचलल्यावर आवाज थांबला तर तो पाण्याचा. तरीही चालूच राहिला तर काकांचा स्वतःचा. दिवसातून शंभर वेळा हा माणूस जगाचा आवाज आणि स्वतःचा आवाज वेगळा करत होता, आणि मी त्याखाली दोन रेघा मारून लग्नाची वाट बघत होतो.

"आवाजाने एवढं नाही दमत," काका कपडे झटकत उठले. "समोरचा बोलला की अर्धं ऐकून हसायचं, तोंड सरळ ठेवायचं, ह्याने दमतो."

मी शपथ घेतली. ती मी पाच आठवडे पाळली. माझ्या मानाने हा मोठा काळ आहे.

गोवंडीत एका गल्लीत नळाला गढूळ पाणी येत होतं, म्हणजे खाली कुठेतरी नळ फुटून त्यात गटार शिरत होतं. मुलं आजारी पडत होती, बायका बादल्या घेऊन आमच्या अंगावर आल्या होत्या. जागेवर वॉर्डाचे साहेब आणि आमचे शेठ दोघे हजर. काकांच्या इमारतीत आदल्या दिवशी हळद होती, डीजे दारातच लावलेला. त्यांनी दोन ठिकाणी दांडी लावली, उचलली, मला बाजूला घेतलं.

"आज माझं फार वर आहे. पाण्याचं त्याच्या खाली बुडतंय. उद्या सकाळी बघू."

इतकं साधं होतं. 'उद्या बघू' हे वाक्य मला शेठला सांगायचं होतं. पण शेठ पुढे येऊन म्हणाले, "क्या हुआ, काका को नहीं मिल रहा?" आणि त्या सुराने माझं डोकं फिरलं.

"काकांना नाही मिळणार?" मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो. "आत्ता दाखवतील! काका, मारा फुली!"

काका माझ्याकडे बघत राहिले. बादलीवाल्या बायका काकांकडे बघत होत्या. त्यांनी पुन्हा दांडी लावली, बराच वेळ लावली, आणि शेवटी वाकून खडूने फुली मारली. माझी लाज राखायला मारली हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळायला हवं होतं.

खणलं. छातीएवढं खणलं. माती कोरडी ठणठणीत. एक म्हातारी खड्ड्यात डोकावून म्हणाली, "ह्यात आता झाड लावा."

शेठ काकांना बोलायला लागले. वय झालं, लक्ष नाही, असं काय काय. काका मान खाली घालून दांडी पुसत होते. आणि मी त्यांच्या बचावासाठी धावलो. मोठ्याने, वॉर्डाच्या साहेबांसमोर म्हणालो, "शेठ, त्यांची काही चूक नाही! त्यांच्या कानात कायम आवाज असतो!"

गल्लीत पहिल्यांदाच शांतता झाली. काकांनी दांडी भिंतीला टेकवून ठेवली आणि चालायला लागले.

शेठ वाईट माणूस नव्हते. ब्रेकर काही त्यांनी दिला नाही. त्यांनी काकांना मुलुंडच्या गोडाऊनवर बसवलं: रबर, जॉइंट, बोल्ट सांभाळायला. जाड भिंती, पत्र्याचं दार, चिटपाखरू नाही. शेठना वाटलं, आजारी माणूस, शांत जागा बरी. म्हणजे दुसऱ्यांदा त्यांना शांततेत कोंडलं गेलं, आणि दुसऱ्यांदाही माझ्याचमुळे.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा काकूंना कळलं. काकूंनी पहिल्यांदा काकांना झापलं: "एवढी वर्षं मी रेडिओ बंद करत होते आणि तू बोलला नाहीस?" मग मला झापलं. मग दोघांना घेऊन त्या सरकारी रुग्णालयात कानाच्या विभागात गेल्या. मला का घेतलं, तर "तू तोंड उघडलंस, आता पाय पण चालव" म्हणून.

तिथे काकांना काचेच्या बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. काका सारखंच दाबत राहिले. तपासणाऱ्या मॅडम तिशीतल्या, शांत. त्यांनी दार उघडून विचारलं, "काका, मी काही वाजवत नव्हते. काय ऐकू आलं?"

"माझंच आलं बहुतेक," काका ओशाळून म्हणाले. "बाई, इथे दांडी उचलायची सोय नाही का?"

दांडी उचलणं म्हणजे काय ते मॅडमना मी समजावलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग मी तुटक आवाज देते. टूं-टूं-टूं. तुमचा सलग आहे ना? तुटक असेल तो माझा." पुढची सगळी तपासणी सुरळीत झाली.

नंतर त्यांनी कागदावर उतरती रेघ दाखवली. जाड आवाज ठीक ऐकू येतात, बारीक आवाजांचा कान ब्रेकरने खाल्लाय. कानातून जे यायचं बंद झालं ते मेंदू शोधत बसतो, आपलाच आवाज वाढवून. त्याला टिनिटस म्हणतात, आपल्याकडे कर्णनाद. पुष्कळ लोकांना असतो. बहुतेक जण सांगत नाहीत.

"म्हणजे मी वेडा नाही," काका म्हणाले.

"अजिबात नाही."

"हे लिहून द्याल?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी छताकडे बघायला लागलो.

गोळी आहे का, काकूंनी विचारलं. मॅडम सरळ म्हणाल्या, हा आवाज बंद करणारी गोळी नाही, कुणी विकली तर घेऊ नका. कानाचं मशीन लावा, बाहेरचे आवाज नीट आले की आतला मागे सरतो. मोठ्या आवाजापासून कान जपा. झोप सांभाळा. ठार शांततेत बसू नका, बारीकसा एकसारखा आवाज राहू द्या आजूबाजूला, पंख्याचा, रेडिओच्या खरखरीचा...

"गिरणीचा?" काका म्हणाले.

"गिरणीत जास्त वेळ नको, तो मोठा आहे. पण कल्पना बरोबर आहे. कुणी सांगितली तुम्हाला?"

"कुणी नाही. शोधत गेलो."

मॅडमनी तेही कागदावर लिहून घेतलं. "हळूहळू सवय होते, काका. आवाज जात नाही, पण त्याच्याकडे लक्ष जाणं कमी होतं. वेळ लागतो."

मशीन लागलं. खरखरवाला रेडिओ आता काकू स्वतः लावायला लागल्या. काका गोडाऊनवरही एक छोटा पंखा घेऊन गेले, मुद्दाम खडखडणारा निवडून. पण दांडी ऑफिसच्या कोपऱ्यात उभी होती आणि तिच्यावर कुणीतरी छत्री अडकवायला लागलं होतं. ती मीच अडकवत होतो, हे लक्षात आल्यावर काढली. काकांनी मला तिच्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. त्यानेच जास्त त्रास व्हायचा.

शेठनी गळती शोधायचं नवं यंत्र आणलं होतं, हेडफोनवालं. ते घाटकोपरच्या बाजारात फेल गेलं. हातगाड्या, रिक्षा, ऊस पिळायचं यंत्र, त्याला सगळंच गळती वाटायचं. तीन दिवस लोक पाण्याविना. शेवटी शेठ स्वतः गोडाऊनवर गेले; मी बरोबर होतो, तोंड न उघडण्याच्या अटीवर.

"काका, चलो. ह्या मशीनला गोंधळात काही कळत नाही."

काका बोल्ट निवडत होते. "मला गोंधळातच कळतं," ते म्हणाले. "पण एक आहे, शेठ. मी 'आज नाही' म्हटलं तर आज नाही. कुणी विचारायचं नाही, कुणी फुली मारा म्हणायचं नाही." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते.

शेठनी मान हलवली. काका बाजारात आले. दांडी हातात घेतली, चकती सदऱ्याने पुसली, कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. टेकवलं, उचललं. टेकवलं, उचललं. दहा मिनिटांनी काका सरळ झाले.

"आज नाही," ते म्हणाले.

शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण त्यांनी अट पाळली. गुपचूप गाडीत बसले. काका मात्र दांडी खांद्यावर टाकून, भर बाजारातून असे चालत गेले, की मी त्यांना तसं चालताना आधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फुली मारली. पाणी हातभर पलीकडे लागलं, पण लागलं.

पुढे मी ती नोकरी सोडली. जायच्या आधी ब्रेकरवाल्यांना कानावर लावायचे जाड बोंगे मागवले आणि त्यांच्यासमोर कर्णनादावर पाऊण तास भाषण केलं. काही जण आता लावतात. बाकीचे गळ्यात अडकवून त्यात बिड्या खोचतात.

मागच्या एका रविवारी काकांकडे गेलो. हायवेकडची खिडकी उघडी, रेडिओची खरखर बारीक चालू. काका थकलेत, पण डोळे लाल नाहीत. मी विचारलं, आवाज कसा आहे? म्हणाले, आहे, मशीन काढलं की वाढतो, लावलं की मागे बसतो, कधी कधी तासभर आठवतही नाही.

खरं तर इथे मी चहा पिऊन उठायला हवं होतं. पण मी बरंच वाचून गेलो होतो. मी त्यांना मानेच्या व्यायामांबद्दल सांगितलं. मग समुद्राचा आवाज काढणाऱ्या ॲपबद्दल. मग मिठाबद्दल, कॉफीबद्दल, एका ओळखीच्या माणसाच्या साडूबद्दल, ज्याला घंटा ऐकू येतात. मग म्हणालो, काका, आपण असं करू, इमारतीत एक कार्यक्रम ठेवू, तुम्ही बोला, मी सूत्रसंचालन करतो. काकांनी एका हाताने उजव्या कानातलं मशीन काढलं. मी बोलतच होतो. त्यांनी डाव्या कानातलंही काढलं, दोन्ही डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं आणि डोळे मिटून, चेहऱ्यावर समाधान आणून मागे टेकले.

मी थांबलो. काकूंनी माझ्यापुढचा रिकामा कप उचलला.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा ह्यांना कानातला परवडला."